कळवलंय

पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात सगळे त्यांना वहिनी म्हणायचे. खरं तर ही हाक एकट्या नणंदेची. वहिनींसारखीच तीही त्याच वॉर्डात नर्स होती आणि कामाच्या गडबडीत 'सिस्टर' म्हणायचं विसरून, "वहिनी, ड्रेसिंगचा ट्रे कुठं ठेवलास?" असं या टोकाहून त्या टोकाला ओरडायची. मग आया म्हणू लागल्या, वॉर्डबॉय म्हणू लागले, आणि शेवटी पोटाला टाके पडलेले म्हातारेही "ओ वहिनी, जरा उशी सरळ करा" म्हणायला लागले. एवढं मोठं सासर कुणाच्याच वाट्याला आलं नसेल, असं वहिनी हसत म्हणायच्या.

नणंदेला घरात धाकटी म्हणत. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा ती शाळेत होती, आणि सासूबाई लवकरच गेल्या. धाकटीच्या वेण्या वहिनींनी घातल्या. ती गणितात गचकली तेव्हा भावाच्या रागासमोर वहिनीच उभ्या राहिल्या. पुढं नर्सिंगला तिला त्यांनीच घातलं, आणि शिक्षण संपल्यावर मेट्रनच्या मागे लागून आपल्याच वॉर्डात तिला तात्पुरत्या जागेवर चिकटवलं. कायम होईल हळूहळू, असा सगळ्यांचा हिशोब होता.

वहिनींची ख्याती होती ती त्यांच्या गोड जिभेची. आल्या दिवसापासून कुणाशी वाजलं नाही. वॉर्डाचे सर्जन म्हणजे हाताला देव आणि तोंडाला आग. त्यांना मागून सगळे तोफ म्हणत. एकदा एका नर्सनं त्यांना, "सर, याला न्यूमोनिया असेल का?" असं विचारलं, तर भर वॉर्डात ते म्हणाले, "निदान तुम्ही करणार असाल तर बेडपॅन मी देतो." ती बिचारी महिनाभर मान खाली घालून फिरत होती. वहिनींनी तेव्हाच कानाला खडा लावला. तोफेशी बोलायची त्यांची एक पद्धत ठरून गेली. सरळ काही म्हणायचं नाही. "सर, जरा बघता का", "सर, थोडं वेगळं वाटतंय", "सर, तुमच्या कानावर घालून ठेवते". बहुतेक वेळा तोफेला कळायचं, ते येऊन बघायचे, आणि आपल्याच लक्षात आलं असं समजून खूश व्हायचे. हीच विद्या वहिनींनी धाकटीलाही शिकवली. "डॉक्टरला सल्ला देतोय असं वाटू द्यायचं नाही गं. डॉक्टर तापला की वॉर्ड तापतो, आणि चटके पेशंटला बसतात."

त्या दिवशी सकाळी सात नंबरच्या खाटेवर एक पेंटर ऑपरेशन होऊन आला. दुकानांच्या पाट्या रंगवणारा, चाळिशीच्या आतला, बोलका माणूस. पित्ताशयात खडे होते, ते काढले होते. ऑपरेशन व्यवस्थित झालं, असं थिएटरमधून सांगत आले. भूल उतरल्यावर त्यानं आधी बायकोला विचारलं, "खडे दाखवले का गं तुला? एखादा हिरा निघाला असेल तर यांच्याकडे ठेवू नकोस." शेजारच्या खाटेवरचा हसला आणि टाके दुखले म्हणून कळवळला.

दिवस दुपारकडे कलताना पेंटरचं बोलणं कमी झालं. तो सारखं पाणी मागायला लागला. कूस बदलायला बघायचा, पाय झाडायचा. वहिनींनी कपाळाला हात लावला तर घाम, आणि घाम गार. नाडी मोजली, जलद होती. पट्टा बांधून रक्तदाब घेतला, सकाळपेक्षा उतरला होता. थोड्या वेळानं पुन्हा मोजलं. नाडी आणखी चढली होती, रक्तदाब आणखी उतरला होता. पोटावर हात ठेवला तर ते ताठ लागलं. त्यांनी इतकी वर्षं पेशंट पाहिले होते. आत कुठंतरी रक्त जातंय, हे त्यांच्या मनात स्पष्ट शब्दांत आलं.

"सिस्टर," पेंटर म्हणाला, "मला काहीतरी वेगळंच होतंय. दुखतंय ते नाही. वेगळंच."

वहिनींनी भिंतीवरचा फोन उचलून थिएटर लावलं. तोफ दुसऱ्या ऑपरेशनवर होते. तिथल्या माणसानं रिसीव्हर त्यांच्या कानाशी धरला.

"सर, सातवरचा पेशंट जरा अस्वस्थ वाटतोय."

"ऑपरेशन झालंय, नाचेल का? दुखत असेल. इंजेक्शन द्या दुखण्याचं."

"हो सर. नाडी थोडी..."

"अहो, इथं माणसाचं पोट उघडून ठेवलंय! द्या म्हटलं ना इंजेक्शन."

"हो सर," वहिनी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्यांनी इंजेक्शन दिलं. पेंटर शांत झाला. नाडी मात्र शांत झाली नव्हती. वहिनींनी ठरवलं, तोफ ऑपरेशन संपवून बाहेर आले की पुन्हा कानावर घालू. तेवढ्यात पाळी बदलायची वेळ झाली. त्या दिवशी मुलीच्या शाळेत पालकांना बोलावलं होतं आणि मागच्या वेळी त्या गेल्या नव्हत्या, म्हणून मुलगी दोन दिवस फुगून बसली होती. दुपारच्या पाळीला धाकटी आली. औषधांच्या कपाटापाशी उभ्या उभ्या वहिनींनी वॉर्ड तिच्या ताब्यात दिला. कुणाचं सलाईन कधी संपणार, कुणाला काय खायला द्यायचं, कोण रडून गोंधळ घालतो.

"आणि सात?" धाकटीनं विचारलं.

"आज सकाळचं ऑपरेशन. दुखत होतं, इंजेक्शन दिलंय. नाडी थोडी जास्त आहे. डॉक्टरांना कळवलंय."

"कळवलंयस ना? मग झालं."

वहिनींनी पर्स खांद्याला लावली. जाताना सात नंबरकडे नजर टाकली, पेंटर डोळे मिटून पडला होता. त्या जिना उतरून गेल्या.

धाकटीची पाळी सुरू झाली तीच धावपळीनं. अपघातातला एक दारुडा आणून टाकला होता, तो सलाईन ओढून काढत होता, दोन वॉर्डबॉय त्याला धरून होते. त्या गोंधळात पेंटरची बायको दोनदा येऊन गेली. "सिस्टर, हे फार गप्प झालेत हो."

"औषधानं झोप लागलीय. डॉक्टरांना माहीत आहे सगळं."

धाकटी खोटं बोलत नव्हती. तिला तसंच वाटत होतं. वहिनींनी कळवलंय म्हणजे डॉक्टरांना कळलंय, आणि कळूनही ते आले नाहीत म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही. तिसऱ्यांदा बायको आली ती ओरडतच. धाकटी पळाली. पेंटरचे ओठ पांढरे पडले होते आणि मनगटात नाडी हाताला लागत नव्हती. तिनं फोनवर किंचाळून तोफेला बोलावलं. तोफ थिएटरच्या सपाता घालून, हातमोजेही न काढता धावत आले. खाट तशीच ढकलत नेली. पोट उघडलं तेव्हा आत नुसतं रक्त होतं. पेंटर टेबलावरच गेला.

संध्याकाळी धाकटी घरी आली ती दारातच बसली. गणवेशाच्या बाहीवर डाग होता. वहिनी मुलीच्या शाळेतून येऊन भात टाकत होत्या. धाकटीनं सांगितलं ते त्यांनी हातात डाव धरून ऐकलं.

"वहिनी, तू कळवलं होतंस ना?"

"हो."

"नाडी किती होती ते सांगितलं होतंस ना? रक्तदाब?"

वहिनींनी भातावर झाकण ठेवलं. त्यांचे यजमान आतून म्हणाले, "कळवलं म्हणतेय ना ती? आणखी काय करायचं असतं माणसानं?" धाकटी वहिनींकडे बघत राहिली. तिनं पुन्हा विचारलं नाही.

चौकशी लागली. पेंटरच्या भावानं तक्रार केली होती आणि गप्प बसणाऱ्यांतला तो नव्हता. रुग्णालयात जो तो आपला हात झटकायला लागला. तोफ म्हणाले, "रक्तदाब उतरलाय हे मला कुणी सांगितलंच नाही. मी काय भिंतीतून बघू?" थिएटरचा माणूस म्हणाला, माझं काम फोन धरणं. मेट्रननं वहिनींना आणि धाकटीला आपल्या खोलीत बोलावून दार लावून घेतलं.

"दोघींनी एकच बोलायचं," ती म्हणाली. "सकाळच्या पाळीनं कळवलं होतं, दुपारच्या पाळीला डॉक्टरांच्या आदेशाची वाट होती. बास. 'कळवलं' हा शब्द सोडायचा नाही. पुढचं तोफेनं बघून घ्यावं. आजवर आपण कमी ऐकून घेतलंय का त्यांचं?"

यात अगदीच खोटं काही नव्हतं, आणि वहिनींना त्याचीच जास्त भीती वाटली. रात्री अंथरुणावर पडल्या की तो फोन त्यांना पुन्हा ऐकू यायचा. स्वतःचा आवाज. जरा. थोडी. वाटतोय. त्यांना आठवायचं, त्या आवाजात पेशंटपेक्षा तोफेची काळजी जास्त होती.

चौकशीच्या दिवशी पेंटरची बायको बाहेरच्या बाकावर बसली होती. वहिनींना बघून ती उठली. "सिस्टर, तुम्ही डॉक्टरांना सांगितलं होतंत ना हो? सगळे म्हणतात, सकाळच्या सिस्टरनं तरी सांगितलं होतं."

 तेवढ्यात शिपायानं आत बोलावलं.

आत तिघं बसली होती. मधले वयस्कर डॉक्टर दुसऱ्या रुग्णालयातून आले होते. त्यांनी विचारलं, "तुम्ही सर्जनना कळवलं होतं?"

"मी फोन केला होता," वहिनी म्हणाल्या. "पण सांगितलं नाही."

मेट्रन कोपऱ्यात बसली होती, तिनं मान वर केली.

"म्हणजे नेमकं काय?"

"नाडी एकशे तीसवर गेली होती. रक्तदाब उतरत होता, घाम गार होता, पोट ताठ झालं होतं. आत रक्त जातंय, हे माझ्या मनात आलं होतं. यातलं एक वाक्यसुद्धा मी सरांना सांगितलं नाही. 'अस्वस्थ वाटतोय' म्हणाले. ते ओरडले आणि मी गप्प बसले. मग पुढच्या सिस्टरना मी 'कळवलंय' म्हणून मोकळी झाले. खरं तर मला एवढंच म्हणायचं होतं, की माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. त्यांना वाटलं, डॉक्टरांना सगळं ठाऊक आहे. त्यांचा यात दोष नाही."

मधल्या डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मग डाव्या हाताला बसलेल्या बाईंनी विचारलं, "वॉर्ड ताब्यात घेतल्यावर अशा पेशंटची नाडी स्वतः बघणं, हे दुपारच्या पाळीचं काम होतं की नाही?"

वहिनींनी खाली बघितलं. आपण सगळं खापर आपल्या डोक्यावर फोडून घ्यायचं, असं ठरवून त्या आल्या होत्या. हा प्रश्न येईल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

"होतं की नाही?"

"होतं," वहिनी म्हणाल्या.

निकाल लागला तो असा. वहिनींची बढती थांबली आणि त्यांची बदली बायकांच्या वॉर्डात झाली. तोफेला समज देण्यात आली. समज दिली म्हणजे काय केलं, ते ना कुणी पाहिलं ना ऐकलं. आणि धाकटी तात्पुरत्या जागेवर होती, तिला काढण्यासाठी कारण लागतच नव्हतं, इथं तर ते मिळालं होतं. दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून तिला सांगितलं गेलं.

घरी धाकटीनं आदळआपट केली नाही. कपडे घड्या घालून बॅगेत भरत होती. वहिनी दारात उभ्या होत्या.

"मी तुला वाचवायलाच बघत होते गं."

"एवढं सगळं बोललीस आणि शेवटी एक शब्द गिळता आला नाही तुला?" धाकटी म्हणाली. "एक शब्द. 'होतं.'"

"ते खरं होतं."

"आणि फोनवर? तेव्हा कुठं होतं तुझं खरं? जरा बघता का, थोडं वाटतंय, हे कुणी शिकवलं मला? मी तुझ्या शब्दावर डोळे मिटून विसंबले वहिनी. लहानपणापासून तेच करत आले."

बॅगेची चेन लागत नव्हती. वहिनी पुढं झाल्या तर तिनं हात वर करून त्यांना थांबवलं. भाऊ बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसून होता. बहिणीला सोडायला तो स्टँडपर्यंत गेला आणि आल्यावर न जेवता झोपला. त्यानं बायकोला कधी बोल लावला नाही. फक्त त्या घरातलं बोलणं कामापुरतं उरलं. धाकटी दूरच्या एका गावी मावशीकडे राहिली आणि कपड्यांच्या दुकानात लागली. नर्सिंगचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

वहिनी एकदा पेंटरच्या घरी गेल्या. जिन्याखाली रंगाचे डबे ओळीनं लावून ठेवलेले होते, झाकणं घट्ट बसवलेली. बायकोनं दार उघडलं, सगळं ऐकून घेतलं, आत या म्हणाली नाही. शेवटी म्हणाली, "तुम्ही आत काय बोललात ते दिरांनी सांगितलं मला. खरं बोललात, बरं केलंत. पण आता परत या दारात येऊ नका. तुम्हाला बघितलं की मला ती दुपार दिसते."

बायकांच्या वॉर्डात वहिनींना वहिनी म्हणणारं कुणी नव्हतं. तिथं त्यांना वेगळंच नाव पडलं. झालं असं, की त्यांनी बोलायची पद्धत मुळापासून बदलली. वॉर्डाचा ताबा त्या कपाटापाशी द्यायच्या-घ्यायच्या बंद झाल्या. येणाऱ्या नर्सला हाताला धरून खाटेपाशी न्यायच्या. काय झालंय, आत्ता आकडे काय आहेत, मला कशाची भीती वाटते आणि तुम्ही काय करायचं, हे पेशंटसमोर मोठ्यानं सांगायच्या. मग म्हणायच्या, "आता तुम्ही मला सांगा, मी काय सांगितलं." डॉक्टरांनी फोनवर औषध सांगितलं की जसंच्या तसं त्यांना परत म्हणून दाखवायच्या. "कळवलंय" म्हणणाऱ्याला तिथंच अडवायच्या. "कुणाला? काय शब्दांत? ते काय म्हणाले?" तरण्या नर्स वैतागल्या. घरी जायची घाई सगळ्यांनाच असते. एका कंपाउंडरनं नाव ठेवलं, पोपट. ते असं चिकटलं, की पेशंटही विचारायला लागले, "आज पोपटबाईंची पाळी का?" मेट्रन म्हणाली, "ही पोपटपंची करून मेलेला माणूस परत यायचा नाही." वहिनी म्हणाल्या, "नाही यायचा." आणि खाटेपाशी गेल्या.

तोफ या वॉर्डातही यायचे. एके दिवशी एका बाईचं ऑपरेशन झाल्यावर तिची नाडी चढली. वहिनींनी थिएटरला फोन लावला.

"सर, मी बायकांच्या वॉर्डातून बोलतेय. नाडी एकशे वीस, रक्तदाब उतरलाय, मला आत रक्तस्राव होत असल्याची शंका आहे. तुम्ही आत्ता येऊन बघावं."

"मी टेबलावर..." तोफेचा आवाज चढला.

"मग दुसऱ्या सर्जनना पाठवा सर. मी काय सांगितलं ते ऐकलंत का?"

फोन आपटला. वहिनींनी पुन्हा लावला. पुन्हा आपटला. तेव्हा त्या स्वतः थिएटरच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या आणि काचेवर हात मारत राहिल्या. तोफ आले. बाईला तपासलं. रक्तस्राव वगैरे काही नव्हता, सलाईन कमी पडलं होतं, भीतीनं नाडी चढली होती. तोफेनं भर वॉर्डात त्यांचा असा काही उद्धार केला, की बाहेर व्हरांड्यात बसलेले नातेवाईक उठून आत डोकावले. वहिनी बाईच्या खाटेपाशीच उभ्या होत्या. सगळं संपल्यावर त्या म्हणाल्या, "सर, पुढच्या वेळी असंच झालं तरी मी असाच फोन करीन."

तोफ बघत राहिले. मग वळून निघून गेले. मात्र त्यानंतर फोनवर वहिनींचा आवाज आला की ते आधी म्हणायचे, "हं, आकडे बोला." दुसऱ्या कुणाला कधी म्हणाले नाहीत.

पुढच्या वर्षांत त्या पद्धतीनं काही माणसं वाचली असतील. एक बाळंतीण तर नक्की वाचली. पण वाचलेल्याची बातमी होत नाही, तो घरी जातो. दोन-चार तरण्या मुलींनी ती सवय उचलली, बाकीच्यांनी वहिनींपुरती पाळली आणि त्यांची पाठ वळली की सोडली. रुग्णालयानं भिंतीवर एक पाटी लावली, 'रुग्णाचा ताबा रुग्णाजवळच द्यावा', आणि तिच्याखालीच उभं राहून नर्सेस कपाटापाशी ताबा देत राहिल्या.

नोकरीची शेवटची वर्षं चालू असताना वहिनींच्या यजमानांना हर्नियाचं ऑपरेशन करावं लागलं. धाकटी भावाला बघायला आली. तिचे केस अर्धे पांढरे झाले होते. आत ड्रेसिंग चाललं होतं, म्हणून दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या, मध्ये धाकटीची पिशवी ठेवून.  समोरून स्ट्रेचर गेलं, दोघींनी सवयीनं सलाईनच्या बाटलीकडे बघितलं.

"तू चौकशीत बोललीस," धाकटी अचानक म्हणाली. "त्या पेंटरच्या बायकोकडे गेलीस, दादानं सांगितलं होतं मला. वॉर्डभर सगळ्यांना शिकवत फिरलीस. माझ्याकडे आली नाहीस."

"तू बोलली असतीस माझ्याशी?"

"नाही."

"म्हणून नाही आले."

"तरी यायला हवं होतंस," धाकटी म्हणाली. "मी नसते बोलले. पण तू यायला हवं होतंस वहिनी. दारातून हाकललं असतं मी तुला. मला हाकलायला तरी मिळालं असतं."

वहिनींना रडू आलं नाही. त्यांना वाटत होतं, आपण सगळ्यांना जाब दिला. जिला वाढवलं, तिलाच तेवढा द्यायचा राहिला होता. ओरडणाऱ्या तोफेला त्या घाबरल्या होत्या. न ओरडणाऱ्या धाकटीला त्याहून जास्त घाबरल्या होत्या, आणि इतकी वर्षं त्या भीतीला त्यांनी समजूतदारपणा म्हटलं होतं.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "फोनवर चुकलं आणि तुला वॉर्ड देताना चुकलं. तुझी नोकरी माझ्यामुळे गेली. मी तुझ्याकडे यायला भ्याले."

धाकटीनं ऐकलं. मान हलवली नाही, हातही पुढं केला नाही. आतून नर्सनं दार उघडलं आणि, "आता एकेकानं या," म्हणाली. धाकटीनं पिशवी उचलली आणि भावाला बघायला आत गेली.